एकवीस गियर आणि श्रीपूरचा रस्ता

सोलापूरहून श्रीपूरला ज्यांना जायचं असेल त्यांनी एसटीने जावं. पंढरपूरला गाडी बदलावी, खिडकी मिळाली तर एक झोप काढावी आणि जेवणाच्या वेळेला पाहुण्यांच्या दारात हजर व्हावं. आम्ही नवरा-बायको सायकलवर गेलो. परत आल्यापासून जो तो विचारतो, "कसा झाला प्रवास?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच म्हणतो, "या वयात, कमाल आहे." कमाल वयाची नव्हती, सायकलची होती. जे गेले नाहीत, आणि ज्यांच्या डोक्यात असलं काही खूळ येण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सोलापूर

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला, तेव्हापासून खुर्चीला कारणही मिळालं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण बेताने. चढावर जोर लावायचा नाही, धाप लागू द्यायची नाही. हे आमच्या मुलाला कळलं. निखिल पुण्यात असतो आणि आईवडिलांची काळजी मोबाइलवरून घेतो. आठवडा व्हायच्या आत दारात खोकं येऊन पडलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी म्हण आहे. आमच्याकडे घोडं पोराने धाडलं.

खोक्यात सायकल नव्हती, सायकलचे अवयव होते. यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावून ते दोन दिवस जोडले. व्हिडिओतला माणूस हसतहसत पेडल बसवायचा आणि हे घाम पुसत व्हिडिओ मागे न्यायचे. शेवटी सायकल उभी राहिली. टायर ट्रॅक्टरचे शोभावेत असे, दांड्यावर इंग्रजीत काहीतरी डरकाळी फोडणारं नाव, पुढे तीन दातेरी चकत्या, मागे सात, आणि म्हणे एकवीस गियर. डोंगर चढायची सायकल. सोलापुरात डोंगर कुठे आहे ते विचारू नका. शिवाय सेलमध्ये घेतलेली, म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. हँडलवरचा गियरचा खटका तर पोरांच्या खेळण्यातून काढून आणल्यासारखा होता.

त्याच सुमाराला खंडेनवमी आली. सोलापुरात त्या दिवशी ज्याच्या घरी माग तो मागाची पूजा करतो, दुकानदार तराजूची. आमच्याकडे माझ्या शिलाई मशीनची आणि कात्र्यांची होते, आणि पूजेला यांनीच बसायचं असा रिवाज आहे. यंदा यांनी सायकलही मशीनच्या रांगेत आणून उभी केली. लोक हँडलला हार घालतात. हे म्हणाले, "हँडल काय काम करतं? काम करतो गियर." आणि मागच्या चाकाच्या मधोमध, गियरला लागून, झेंडूचा हार चांगली गाठ मारून बांधला. हळदकुंकू वाहिलं. मग समईसाठी आणलेलं करडईचं तेल चेनवर सढळ हाताने सोडलं. मशीनचं तेल शेजारीच होतं, पण पूजेच्या दिवशी पूजेचं तेल, असं यांचं शास्त्र. वाहनाचा हार हाताने काढू नये, आपोआप पडू द्यावा, हेही मला तेव्हाच कळलं. दिवाळीपर्यंत तो दिसेनासा झाला होता.

दिवाळीला निखिल आला आणि फराळाच्या ताटावर त्याने नेहमीचा विषय काढला. तुम्ही दोघं पुण्याला या, हे घर देऊन टाकू, तिथे लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. मला पुण्याला जायचं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास आहे. शहराच्या पूर्व भागातल्या मुली येतात, त्यांचे आईबाप मागावर राबतात. मुली घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी आणि मशीनशी दोन्ही. क्लासमधून शिकून गेलेल्या कितीतरी जणींचं घर आज शिलाईवर चाललंय. हे निखिलला सांगितलं की तो "हो गं आई, पण" म्हणतो.

या वेळी तो हसत म्हणाला, "बाबांची तब्येत अशी, तुम्हाला दोघांनाच इथे ठेवायला धीर होत नाही. हां, सायकलवर श्रीपूरला मावशीकडे जाऊन दाखवा. कुणाला फोन करायचा नाही, कुणाची गाडी मागवायची नाही. मग मी पुण्याचं नाव काढणार नाही."

तो चेष्टा करत होता. हे करंजी खाता खाता म्हणाले, "जाऊ की."

मी लगेच म्हटलं, "ठरलं. शब्द फिरवायचा नाही." निखिलला वाटलं, थंडी पडेपर्यंत सगळे विसरतील. तो मला ओळखत नाही. यांनी रोज संध्याकाळी किल्ल्याच्या बागेपर्यंत चकरा सुरू केल्या. चेन एकदोनदा उतरली, पण "नवी आहे, बसेल हळूहळू" असं यांचं मत पडलं. आणि डिसेंबरच्या एका गार सकाळी, डॉक्टरांना विचारून, रोज थोडं थोडं जायचं ठरवून आम्ही निघालो. हे त्या डरकाळीवर आणि मी माझ्या काळ्या लेडीज सायकलवर. तिला गियर नाहीत, नाव नाही आणि तक्रारही नाही. बास्केटमध्ये कडक भाकरी, शेंगाचटणी, यांच्या गोळ्या आणि माझी धागे कापायची बारीक कात्री. ती मी कुठेही गेले तरी बरोबर असते.

शहराबाहेर बाळे गावाच्या पुढे पहिल्या उतारावर यांनी पाय थांबवले. खडखड असा आवाज झाला आणि चेन ओल्या दोरीवरच्या साडीसारखी लोंबायला लागली. पुन्हा पेडल मारेपर्यंत चेन उतरलेली होती. यांनी ती चढवली आणि हात काळे झाले. पुढच्या उतारावर पुन्हा उतरली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही सायकल पाय मारत राहिलं तर चालते आणि पाय थांबवले की रुसते. आमच्या ओळखीत अशा बायका आहेत, पण त्यांना निदान एकवीस गियर नाहीत.

मोहोळ

पहिला मुक्काम मोहोळला, यांच्या मावसभावाकडे. दत्ताभाऊजी बाजारात खताचं दुकान चालवतात आणि जगातल्या कुठल्याही विषयावर बोलू शकतात. आम्ही दारात पोचलो तेव्हा यांची पँट गुडघ्यापर्यंत काळी होती. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं आणि पाणी द्यायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर मागवला.

सोलापुरात तुमची सायकल बिघडली तर माणसं "पुढं दुकान हाय" म्हणतात आणि निघून जातात. मोहोळमध्ये असं नाही. इथे सल्ला हा पाहुणचाराचा भाग आहे, चहाच्या आधी येतो आणि नको म्हणता येत नाही. बघता बघता दुकानापुढे घोळका जमला. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे कुणालाच घाई नव्हती.

या सायकलच्या मागच्या गियरला दोन बारीक स्क्रू आहेत. त्यांचं काम काय, हे घोळक्यात कुणालाही माहीत नव्हतं. पिळायचे मात्र सगळ्यांना होते.

"ह्यो जरा ढिला करा," एकजण म्हणाला.

"ढिला न्हाय, आवळा," दुसरा म्हणाला. "माझ्या मेव्हण्याची अशीच हाय. त्यानं आवळला."

"मग चालती का त्याची?" मी विचारलं.

"आता उभी असती की घरात," तो म्हणाला, आणि यात काही वावगं आहे असं त्याला अजिबात वाटलं नाही.

भाऊजींनी दोन्ही स्क्रू दोन्ही बाजूंनी पिळून बघितले. आधी फक्त चेन उतरत होती. आता गियर बदलला की कटकट वाजायला लागलं आणि वरच्या गियरला सायकल जाईनाशी झाली. "आता बसली लाईनीवर," असं म्हणून भाऊजींनी हात धुतले. रोग परवडला पण औषध नको, म्हणतात ते हेच.

संध्याकाळी आम्ही रशीदभाईंच्या दुकानात गेलो. रशीदभाई मोहोळमध्ये दुधाच्या किटल्या लटकवलेल्या जड सायकली दुरुस्त करतात. त्यांनी आमच्या सायकलकडे लांबूनच बघितलं आणि जवळ यायचे कष्ट घेतले नाहीत.

"काका, मेरा सुनो," ते म्हणाले. "ये गियर सब निकाल डालो. एक चकती रखो, चेन छोटी करता मैं. जिंदगीभर तकलीफ नै."

हे तयार झाले. यांचा स्वभावच असा आहे की समोरचा माणूस ठामपणे बोलला की यांना ते पटतं. खात्यात यांचं आयुष्य असंच गेलं. मी मध्ये पडले. म्हटलं, "आणि चढ आला की? हलका गियर नसेल तर उभं राहून जोर लावाल. डॉक्टरांनी काय सांगितलंय? मग दवाखान्याची गाडी मागवायला मीच फोन करायचा का?"

रशीदभाई म्हणाले, "आपकी मर्जी बाई," आणि किटलीच्या सायकलकडे वळले. रात्री भाऊजींच्या घरी ज्वारीची भाकरी, शेंगांची आमटी आणि आणखी सल्ला मिळाला. आमटी फार चांगली होती.

पेनूरच्या पुढे

मोहोळ सोडलं आणि पंढरपूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी कंबरेच्या वर गेलेली, मध्येच उसाचे फड, आणि रस्ता इतका गुळगुळीत की आमच्या डोंगरी टायरना लाज वाटावी. कुठलाही माणूस इथे मजेत सायकल चालवील. आमचं मात्र असं चाललं होतं की हे उतारावरही पाय मारायचे, कारण थांबवले की चेन गेली. उतारावर पाय मारत चाललेला माणूस बघून समोरून येणारे लोक वळून वळून बघत होते.

पेनूरच्या पुढे एक लांब चढ लागतो. यांनी खटका ओढून हलका गियर घेतला. मोहोळकरांनी पिळलेल्या स्क्रूंनी तिथे आपलं काम दाखवलं. चेन सगळ्यात मोठ्या चकतीच्या पलीकडे उडाली आणि चकती आणि तारा यांच्या मधल्या फटीत जाऊन गच्च रुतली. चाक अडलं. हे पडले नाहीत, पण एक पाय टेकून, हँडलवर ओणवे होऊन उभे राहिले. त्यांना धाप लागली होती.

मी यांना बाभळीखाली बसवलं आणि पाणी दिलं. चेहरा उतरलेला होता. मी यांचं मनगट धरून बसले. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी जास्त बोलते.

"सायकल आहे का गिरणी?" मी म्हटलं. "एकवीस गियर. त्यातला एक तरी चालतो का?"

धाप ओसरली तसा यांनी खिशातून मोबाइल काढला. "निखिलला करतो फोन."

"करा. आणि पुण्याच्या बाल्कनीत खुर्ची मावेल का, तेवढं विचारून घ्या."

हे मोबाइलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला काय पुणं आणि काय सोलापूर. खुर्ची कुठेही टाकता येते. मी जाऊ की म्हणालो ते तुझ्या क्लाससाठी. तू तिथे दिवसभर काय केलं असतंस?"

इतक्या वर्षांत यांनी माझ्या क्लासबद्दल चांगलं किंवा वाईट काही बोललेलं मला आठवत नाही. मशीनच्या आवाजात बातम्या ऐकू येत नाहीत, एवढी एकच तक्रार असायची. मला वाटत होतं हे हौसेसाठी निघालेत, लोकांना सांगायला. मी यांच्या हातातला मोबाइल घेऊन बास्केटमध्ये टाकला आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. बैलांच्या शिंगांना रंगीत गोंडे, गाडीवर उसाचा डोंगर आणि त्यावर बसलेली माणसं. ही तोडणीची माणसं बीडकडून येतात, कारखाने सुरू असेपर्यंत इथेच पालात राहतात. एका गाडीवरची बाई आमच्याकडे बघून हसली.

"आवो, इतकी चाकं आन् एक बी चालंना व्हय?" तिने विचारलं. "टाका की वर. कारखान्यापत्तुर नेतो."

हे माझ्याकडे आशेने बघायला लागले. म्हणाले, "आपण मागवली नाही. आपणहून आली."

"निखिलला हे सांगाल का तोंड वर करून?" मी विचारलं.

यांनी मान खाली घातली. मी त्या बाईला नको म्हणून हात केला. ती म्हणाली, "बरं बाई, चाला मग," आणि तिने आमच्यापुढे एक उसाचं कांडं टाकलं. आम्ही ते दातांनी सोलून खाल्लं. निदान त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. मग रुतलेली चेन ओढून काढली आणि सायकली हातात धरून हळूहळू चालत निघालो. पुढचा मुक्काम जवळच होता.

रेणुकाचं शेत

रेणुका माझ्या क्लासची जुनी मुलगी. सोलापुरातून या बाजूला दिलेली. वस्तीवर एका खोलीत तिची दोन मशीनं आहेत आणि आसपासच्या सगळ्या बायकांचे ब्लाउज तीच शिवते. आम्ही येणार म्हणून तिने हुरड्याचा बेत ठेवला होता. शेतात शेणीची आगटी पेटवलेली, राखेत कणसं भाजायला घातलेली. तिच्या नवऱ्याने गरम कणीस हातावर चोळून पुढ्यात हिरवागार हुरडा पाडला. बरोबर शेंगाचटणी, दही आणि गूळ. शहरात हल्ली हुरडा पार्टी म्हणून जे मिळतं, तिथे डीजे असतो, झोपाळा असतो आणि हुरडा गार असतो. ज्यांना हुरडा खायचा असेल त्यांनी शेतकऱ्याच्या घरी ओळख काढावी.

यांच्या अंगात जरा तरतरी आली. लगेच उठून यांनी सायकल उलटी केली आणि पुन्हा त्या दोन स्क्रूंना हात घातला. रेणुका कणसं फिरवता फिरवता बघत होती.

"काय हुतंय बाई सायकलला?"

"चेन उतरते. पाय थांबवले की लोंबते आणि उतरते. अख्ख्या मोहोळने स्क्रू पिळले, पण काही उपयोग नाही."

"आन् चाक?"

यांनी चाक हाताने फिरवलं. चाक फिरलं आणि त्याबरोबर पेडलही आपोआप गरगर फिरलं. माझ्या सायकलचं चाक असं फिरवलं तर पेडल गप्प असतं. ते तसंच असायला हवं. चाकाने पळावं, चेनने बसून राहावं.

रेणुका हसायला लागली. "बाई, तुमीच शिकवलं न्हवं? मशीन जड झालं की पोरी ताणाचा स्क्रू पिळायच्या, आन् तुमी हातावर पट्टी मारायच्या. म्हनायच्या, स्क्रूला हात लावायचा न्हाय, आदी दोरा बगा कुटं गुंडाळलाय."

हे मी हजारदा शिकवलं आहे. मशीन जड चालतं, टाका सुटतो, मुली सुई बदलतात, ताण बदलतात, तेलावर तेल घालतात. आणि दोरा खाली शटलच्या मागे गुंडाळी करून बसलेला असतो. तो काढला की मशीन हलकं होतं. मी यांना म्हटलं, "सरका."

पदर खोचला. रेणुकाच्या नवऱ्याने इंजिनातलं थोडं डिझेल वाटीत आणून दिलं. जुन्या चिंधीने मी सगळ्यात मोठ्या चकतीच्या मागचा भाग पुसायला घेतला. तिथे काळी चिकट पेंड साचली होती. करडईचं तेल उघड्यावर राहिलं की चिकट होऊन बसतं, हे भज्यांची कढई घासणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. फक्त पाटबंधारे खात्याला माहीत नसतं. त्यावर रस्त्याची धूळ बसून त्याचं डांबर झालं होतं.

डांबराखाली फट दिसली, आणि फटीत काहीतरी गच्च बसलेलं दिसलं. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून मी टोचून बघितलं. लवचिक लागलं. कात्रीच्या टोकाने एक वेढा तोडला, पिनेने टोक उचललं आणि हळूहळू ओढायला लागले. काळा दोरा निघाला. आणखी निघाला. वेढ्यावर वेढे, तेलात घट्ट झालेले, चकत्यांना चाकाशी बांधून ठेवणारे. म्हणून चाक पळालं की चकत्याही त्याच्यामागे ओढल्या जायच्या आणि चेन पुढे ढकलली जाऊन ढिली पडायची. दोऱ्याच्या शेवटच्या टोकाला गाठ होती. चांगली, घट्ट, प्रेमाने मारलेली गाठ. गाठीत एक वाळकी पिवळी पाकळी अडकलेली होती.

रेणुका म्हणाली, "झेंडू हाय की ओ."

मी तो दोरा यांच्यापुढे धरला. हे चष्मा वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, पडला."

"आत पडला," मी म्हटलं. "काम करणाऱ्या भागात."

मी चाक फिरवलं. चाक एकटं फिरलं, बारीक टिकटिक करत, आणि पेडल जागच्या जागी राहिलं. यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला आणखी चार शब्द सुनवायचे होते ते राहून गेले. मग मोहोळकरांचे स्क्रू निस्तरायचं काम उरलं. एक स्क्रू चेनला आत तारांकडे जाऊ देत नाही, दुसरा बाहेर पडू देत नाही. पेडल फिरवत, खटका ओढत, दर वेळी जरासं पिळून बघितलं की ते कळतं. चेन मी साडीने पुसली असती तर साडी गेली असती, म्हणून यांच्या बनियनने पुसली. वर मशीनचं तेल थेंब थेंब सोडलं, तेही रेणुकाच्या बाटलीतलं. संध्याकाळी हे शेताच्या बांधावरून सायकल घेऊन गेले आणि उतारावर पाय थांबवून, दोन्ही पाय पसरून, लहान पोरासारखे खाली आले.

श्रीपूर

पुढचा मुक्काम पंढरपूरला एका भक्तनिवासात झाला. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, पाणी गरम होतं. पंढरपूर सोडल्यावर सगळीकडे ऊस, ऊस आणि ऊस. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर कर्णकर्कश गाणी, आणि एकेक ट्रॉली रस्त्याच्या मधून अशी जाते की सायकलवाल्याने उसात शिरावं. आमची ती भिकार सायकल मात्र नीट चालली. सातातला एक गियर अजूनही लागत नव्हता, पण सहा लागत होते. या किमतीच्या सायकलकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

श्रीपूर आधी नाकाला कळतं. मळीचा आंबूस-गोड वास, मग धुराडं, मग भोंगा. माझी बहीण सुमन कारखान्याच्या वसाहतीत राहते. तिच्याकडे कपडे घरात वाळत घालतात, कारण बाहेर घातले की त्यावर काजळी बसते. सोलापुरात आम्ही धूळ म्हणून ओरडतो. तिथे पांढरी साडी नेसून गेलेल्या बाईने परत कशी यायचं ते आधी ठरवावं.

सुमनच्या दारात निखिलची गाडी उभी होती. त्याला तिने सांगितलं होतं की आम्ही निघालोय, आणि तो रजा टाकून पुण्याहून आला होता. आम्ही फाटकातून आत आलो तेव्हा तो ओट्यावर उभा होता. यांनी मुद्दाम पाय थांबवले आणि टिकटिक करत ओट्यापर्यंत आले. निखिलने खाली येऊन यांना मिठी मारली. त्याचे डोळे ओले होते, हे मी बघितलं. मग लगेच तो सायकलजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "मागचा गियर थोडा आउट दिसतोय. एक मिनिट, हा स्क्रू..."

"हात काढ," मी म्हटलं.

त्याने काढला.

जेवताना, कढी वाढून घेता घेता, त्याने विषय काढलाच. तो जिद्दीला माझ्यावर गेलाय. "तुम्ही करून दाखवलंत, मान्य आहे. पण आता परत सायकलवर नको. उद्या गाडीतून चला. सायकली टपावर बांधू. आणि एवढं आलोच आहोत तर थेट पुण्यालाच चला, राहून बघा तर खरं."

मी उत्तर तयार ठेवलं होतं आणि ते चांगलं तिखट होतं. पण हे आधी बोलले. मोहोळमध्ये कुणीही काही सांगितलं की मान डोलावणारे हे, ताटावरून नजर न काढता म्हणाले, "गाडीतून येतो. सोलापूरपर्यंत. सोमवारी हिचा क्लास आहे."

निखिलने माझ्याकडे बघितलं. मी कढीत भात कालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुकाट्याने सायकली टपावर चढवत होता. दोरी घेतली, दोनदा गाठ मारली आणि दोन्ही वेळा ती सुटली. मी त्याच्या हातातून दोरी घेतली आणि गाठ मारून दिली. चाकापासून लांब.